गारनानांचा हात

तमाम गूळ खाणाऱ्या जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, उकळत्या पाकात कोरडी बोटं घालून "गारच हाय की अजून!" असं म्हणणारा माणूस या भूतलावर एकच होऊन गेला, आणि तो, म्हणजे आमचे गारनाना, कोडोलीला आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता. सर्वांनी कृपया उभं राहावं. न राहिलात तरी चालेल. नाना स्वतः कुणासाठी उठत नसत.

पाक तयार झाला की नाही, हे गुळव्या ठरवतो. बाकीचे गुळवे आधी हात गार पाण्यात बुडवतात, मग चिमूटभर पाक उचलून त्याची गोळी वळून बघतात. नानांना पाणी लागत नसे. तरुणपणी पाय घसरून त्यांचा उजवा हात काहिलीत, म्हणजे पाकाच्या भल्यामोठ्या कढईत, गेला होता. हात वाचला, पण तळव्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत जाड, चकचकीत व्रण राहिला. त्याला ना ऊन कळे, ना थंड. पाक बोटांना कसा ओढतो, एवढं मात्र नेमकं कळे. गुऱ्हाळावर नवखा माणूस आला की नाना प्रेमानं म्हणत, "या पावणं, बोट घालून बघा की जरा!" पावणं दचकून मागं सरकले की यांचा दिवस साजरा.

पुढं वय झालं तसा व्रण आकसत गेला. बोटं आत वळली, अंगठा बोटाला टेकेना. एका हंगामाच्या शेवटी माझे वडील खाली मान घालून म्हणाले, "नाना, गोळी वळंना झाली तुमची. औंदा निभावलं. पुढच्या साली दुसरा गुळव्या बघाय लागंल." नाना हसले. त्या दिवशी जेवले मात्र नाहीत.

तेव्हा, म्हणजे दोन हजारचं दशक सरत आलं असताना, शाहूपुरीत एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी शॉकवेव्हचं यंत्र आणलं होतं. मी नानांना स्कूटरवर घालून नेलं. शॉक म्हटल्यावर ते दारातच अडले. "करंट देत्यात व्हय? मग घरचा बोर्ड काय वाईट हाय?"

"करंट नाही, मामा," बाई म्हणाल्या. "नुसते ठोके. व्रण जाणार नाही, पण मऊ पडेल. थोडी जाणीवही परत येईल कदाचित."

"येऊ द्या की! आलेल्याला न्हाय कशाला म्हणा?"

बाई हातावर गार जेल चोपडत आणि पिस्तुलासारखी मूठ व्रणावर टेकवून टकटकटक ठोके देत. "सुतारपक्षी हाय ह्यो!" नाना सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडत. पण एकही खेप त्यांनी चुकवली नाही. घरी दिलेले व्यायाम गोठ्यात म्हशीसमोर बसून करत. पावसाळाभर हे चाललं. व्रण खरोखर मऊ पडला, बोटं सुटली, अंगठा टेकला. दिवाळीनंतर चुलाण पेटलं तेव्हा नाना इस्त्रीचा सदरा घालून काहिलीपाशी उभे राहिले.

पाक चढला. सगळे बघत होते. नानांनी सवयीनं कोरडाच हात आत घातला.

ती किंकाळी मी विसरलेलो नाही. वडिलांनी त्यांचा हात धरून पाण्याच्या घमेल्यात दाबला. कुणी हसलं नाही. फोड बरे झाल्यावर नाना पुन्हा आले, चारचौघांसारखं आधी पाण्यात हात बुडवून पाक बघायला लागले. पण पाण्यानं निवलेला पाक त्यांच्या ओळखीचा नव्हता. दोन काहिली कच्च्या उतरल्या, एक करपली. शिवाय हात पाकावर नेला की तो मधेच थांबे. वडिलांनी दुसरा गुळव्या ठेवला. "तुमी नुसतं बसा, नाना. पगार चालू राहील," असं त्यांनी सांगितलं, आणि नाना त्या दिवसापासून गुऱ्हाळावर यायचे बंद झाले.

संक्रांतीच्या सुमारास ते मला म्हणाले, "शाहूपुरीला न्हे एकदा." मला वाटलं, फोडांचे डाग दाखवायचे असतील. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो सरळ, उघडा तळवा बघून त्या हरखल्या आणि बाकावरच्या पेशंटांना कौतुकानं म्हणाल्या, "बघा, मामांचा हात! मुठीसारखा मिटला होता. आता बघा!" पेशंट माना पुढं काढून बघायला लागले.

नाना तो हात तसाच पुढं धरून उभे होते. डोळे भरले होते. आणि मग सगळ्यांदेखत एकदम बोलून गेले, "बाईसाब, तुमच्या पाया पडतो, होता तसा करा की!"