दिल्लीचा नमुना, तालुक्याचा शिक्का

बी.ए.ला माझे राज्यशास्त्र होते. कोणते विषय केंद्राचे, कोणते राज्याचे आणि कोणते दोघांचे, या तिन्ही याद्या मला पाठ होत्या. घरातला पहिला पदवीधर मी. सरकार कसे चालते ते मला कळते, असे वडिलांना वाटे, मलाही वाटे.

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून म्हणून माझी निवड झाली. कागद तपासताना तिथल्या बाईंनी माझा जातीचा दाखला परत केला.

"हा राज्याचा आहे. केंद्राच्या नमुन्यात आणा. सोमवारी नाही आला, तर पुढच्या नावाला बोलावतील."

"पण मॅडम, सरकारीच आहे हा."

"सरकार कोणतं, ते बघा ना."

हमाली करणाऱ्या वडिलांनी तो दाखला नाशिकच्याच द्वारका चौकातल्या दुकानातून हौसेने लॅमिनेट करून आणला होता. त्यावर फक्त 'नवबौद्ध' होते. आम्हाला सवलती राज्याने आधी दिल्या, केंद्राने पुष्कळ वर्षांनी, म्हणून कागद वेगळे, असे बाईंनी समजावले. नव्या नमुन्यात पूर्वीची जातही लिहायची होती.

शुक्रवारी वडिलांना घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथले भाऊसाहेब हसले.

"दिल्लीचा दाखला इथं मागता? दिल्लीला जा की!"

"जातो ना भाऊसाहेब," वडील म्हणाले, "तुमची चिठ्ठी द्या. तिथं आमच्या वळखीचं कुणी नाय."

बाईंनी दिलेल्या नमुन्याचा तळचा भाग मी दाखवला. सही करू शकणाऱ्या अधिकाऱ्यांत तहसीलदार होते. भाऊसाहेबांनी दोनदा वाचले.

"हे तर आमचेच साहेब! मग दोन कागद कशाला?"

तेच मला विचारायचे होते. यादी दिल्लीची, सही तालुक्याची, आणि तोच माणूस दोन कागदांवर दोन वेगळ्या गोष्टी सांगणार. परीक्षेत असा प्रश्न आला नव्हता.

भाऊसाहेबांनी पेन उघडले. "पूर्वीची जात सांगा."

 वडील माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ती सोडली म्हणून तर बौद्ध झालो ना आपण? आता सरकारच परत लिव्हाया लावतं?"

 मी ओशाळून जमिनीकडे पाहत राहिलो. शेवटी जात वडिलांनीच सांगितली, स्पष्ट, एकदाच.

चार वाजेपर्यंत सही झाली. शिक्का जुन्या दाखल्यावरचाच. भाऊसाहेबांचे उपकार मी आजही मानतो. त्यांनी आमचा कागद स्वतः आत नेला होता.

परतताना द्वारकेला उतरलो. लॅमिनेशनचे दुकान उघडे होते. मी तिकडे वळलो, तशी वडिलांनी बाही धरली.

"याला नको. घडी घालून ठिव."

सोमवारी बाईंनी ती घडी तळहाताने सरळ केली, दाखला फाईलला लावला आणि मला रुजू व्हायची तारीख सांगितली. मी आभार मानले. कोणत्या सरकारचे, ते तेव्हाही नक्की ठरवता आले नाही.