खुसखुशीत म्हणजे नेमकं काय

सासऱ्यांचं कट्ट्यावर जाणं बंद झालं ते शेंगदाण्याच्या चिक्कीमुळे. थेरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी हा कट्टा आहे. कंपन्यांतून निवृत्त झालेली मंडळी सकाळी तिथं चहा घेत बसतात आणि रोज कुणीतरी काहीतरी खायला आणतं. सासऱ्यांची कवळी नवी होती. चिक्की चावताना ती सुटून हातात आली. एकजण म्हणाला, "राव, आमी नुसते दात काढतोय, तुमी खरंच काढले की!"

विनोद चांगला होता, हे मला आजही मान्य आहे. पण त्या दिवसापासून सासरे सकाळभर टीव्हीसमोर बसायला लागले आणि आठवडाभरात बोलायचेही कमी झाले.

"बाबा, चहात बुडवून खा की तिथं," मी म्हटलं.

"बुडवून खायला मी काय बाळंतीण हाय? त्यांच्यासमोर कुरूम आवाज आला पायजे."

म्हणून मी बिस्किटं करायला घेतली. ओव्हन घरात होताच. त्यात आम्ही रिकामे डबे ठेवायचो.

मोबाइलवरच्या बाईनं मैदा, साखर, लोणी 'एकत्र करा' असं सांगितलं. पीठ परातीत आलं की माझे हात थांबत नाहीत. मी पाण्याचा हात लावून पोळ्यांच्या कणकेसारखं छान तिंबलं. भाजताना बिस्किटं मऊ लागली म्हणून अजून थोडा वेळ आत ठेवली. गार झाल्यावर दगड. सासऱ्यांनी एक उचलून टेबलावर आपटलं. त्यांच्या उमेदीची वर्षं आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात गेली.

"ह्ये ब्रेकला बसव," ते म्हणाले. "लायनर बदलायचं काम न्हाई."

दुसऱ्या खेपेला मळलं नाही. लोणी घरातल्या तापमानाला येऊ द्या, असं मोबाइलवर लिहिलं होतं, तसं येऊ दिलं. एप्रिलात आमच्या घरातल्या तापमानाला लोण्याचं पाणी होतं. बिस्किटं ट्रेभर पसरली, कडा करपल्या आणि मधला भाग लिबलिबीत राहिला.

"कोण आजारी हाय का घरात?" सासऱ्यांनी विचारलं.

मी चाकणला एका कंपनीत तपासणी विभागात आहे. माल नापास झाला की आधी मागणी पुन्हा वाचायची, ही आमची रीत. मी कुरकुरीत करायला निघाले होते. कुरकुरीत असते चकली, आणि चकली कवळीला झेपत नाही. सासऱ्यांना हवं होतं ते खुसखुशीत, म्हणजे दाताखाली आवाज करून लगेच भुगा होणारं. हा शब्द मनात आला आणि शंकरपाळी आठवली. ती खुसखुशीत होते मोहनामुळे, पिठात चोळलेल्या तुपामुळे. दिवाळीला इतकी वर्षं करतेय, पण बिस्किट म्हटल्याबरोबर मी सगळं शिकलेलं बाजूला ठेवून मोबाइलसमोर बसले होते.

तिसऱ्या खेपेला लोण्याऐवजी तूप घेतलं. मैद्याला चोळत राहिले. मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि बोटानं टोकल्यावर फुटला, तेव्हा थांबले. पाणी नाही, तिंबणं नाही. चमचाभर दुधात जेमतेम गोळे वळले. ओव्हनमधून काढायच्या वेळी बिस्किटं मऊच होती. कामावर असा माल मी पुढे सोडत नाही. पण शंकरपाळ्याही कढईतून मऊच निघतात आणि ताटात गार होताना खुटखुटीत होतात. ट्रे बाहेर काढून ठेवला आणि मी गच्चीवर कपडे आणायला गेले, नाहीतर परत आत ढकलला असता.

सासऱ्यांनी पहिलं बिस्किट माझ्याकडे पाठ करून खाल्लं. कुरूम झालं. मग ते जिभेनं कवळी चाचपत उभे राहिले. "बरं हाय," म्हणाले आणि दुसरं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून, डबा घेऊन ते कट्ट्यावर गेले. माझी सुट्टी होती. बऱ्याच उशिरानं रिकामा डबा घेऊन परतले.

"काय म्हणाली मंडळी?"

"साखर कमी म्हणाली."

"आणि आवाज?"

"निम्मे प्रेस शॉपातले, जन्मभर पत्रा ठोकलेले," ते टोपी काढत म्हणाले. "त्यांना कुठं ऐकू येतंय! उद्या जास्त दे."