हार्डिंगमामाचं पाचवं मरण

हार्डिंग केसे हा माझा सख्खा मामा. मी सोळा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात तो पाच वेळा मेला. व्हाइटरिव्हर गावाच्या खालच्या अंगाला, लाल कड्यांपाशी, सिनेमावाले तंबू ठोकून बसले होते. आम्हा अपाची आदिवासींची आणि गोऱ्यांच्या घोडदळाची जुनी लढाई त्यांना हवी होती. मामा जमातीची गुरं राखायचा. घोड्यावर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून गोळी लागून पडायचं काम त्याच्याकडे आलं.

"आज किती वेळा मेलास रे?" जेवणाच्या रांगेत त्याचा दोस्त टेसे विचारायचा.

"दोनदा. पहिल्यांदा नीट मेलो नाही म्हणे."

सगळे हसायचे, मामाही हसायचा. पण संध्याकाळी घोड्यावरून उतरला की खोगीर धरून तो बराच वेळ तसाच उभा राहायचा. शेहेचाळीस वर्षांचा होता.

एके दिवशी त्यांना वस्तीवरचा हल्ला घ्यायचा होता. त्यासाठी म्हाताऱ्या बायका हव्या होत्या. आजी, म्हणजे मामाची आई, पंच्याहत्तरीच्या पुढची. तिनं सिनेमा कधी पाहिला नव्हता. शेजारणी निघाल्या म्हणून तीही निघाली, तिच्यासोबत मीही. आम्ही गवताच्या झोपड्यांपुढे बसलो. टेकडीवर निळ्या कोटातले सैनिक दिसले, बिगूल वाजला. शिकवल्याप्रमाणे आम्ही किंचाळत पळालो. मागे वळून पाहते तर आजी नाही.

मी हाका मारायला लागले तसा मेलेला मामा उठला आणि धावत आला. दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत राहिला.

आजी ओढ्याकाठच्या झुडपात सापडली. गुडघे पोटाशी, तोंडावर हात.

"आई, खोटं आहे गं ते. टेसेची घोडीसुद्धा आहे बघ त्यांच्यात."

"हळू बोल," ती म्हणाली. मग कुजबुजली, "लहान होते तेव्हाही अशीच बसले होते. वर सैनिकांच्या पुढे माझा बाप होता. वाट त्यानंच दाखवली."

मामा चिखलातच बसला. तिचा बाप सैन्यात वाटाड्या होता, हे आमच्या घरात छाती फुगवून सांगत. त्याच्या नोकरीचा सरकारी कागद पेटीत जपून ठेवलेला होता.

"आजोबांनी तुला पाहिलं?"

"पाहिलं. आणि तोंड फिरवलं. म्हणून तर जगले." ती उठायला लागली. "पुढे त्याच्या हातचं मी कधी खाल्लं नाही."

मामानं तिला घरी नेलं. त्या दिवशी तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सिनेमावाल्यांचा मुकादम खुशीत होता. "हार्डिंग, आजपासून तुझं पडणं बंद! सैनिकांच्या पुढे वाटाड्या म्हणून घोडा चालवायचा, बस." त्यानं लाल फडकं मामाच्या हातात दिलं. वाटाड्याची खूण म्हणून डोक्याला बांधायचं होतं.

मामाची कंबर आठवडाभर ठणकत होती, हे मला माहीत होतं. त्यानं फडक्याची घडी घालून ते परत पुढे केलं.

"हे दुसऱ्याला द्या. मी मरतो."

"वेडा आहेस का? आरामाचं काम आहे."

"माहीत आहे."

ते काम टेसेनं केलं. त्याच दुपारी मामाच्या घोड्याचा पाय खडकात घसरला आणि मामा खरोखरचा पडला. खुब्याचं हाड मोडलं. ते पडणं दिग्दर्शकाला फार आवडलं. सिनेमात त्यानं तेच ठेवलं.

हिवाळाभर मामा खाटेवर होता. आजी ओकफळांचं पीठ घालून मांसाचं कालवण करायची आणि त्याच्या उशाशी बसून राहायची. आरामाचं काम का सोडलं, ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. वसंतात ती गेली. मामाला मग घोड्यावर फार वेळ बसवेना. गुरांच्या पाणवठ्यावर पंप चालवायचं काम त्याला मिळालं. अजून तेच करतो.

सिनेमा ग्लोब गावात लागला तेव्हा आम्ही दोघं गेलो. मामा अंधारात बसला आणि पहिला बिगूल वाजायच्या आधीच झोपी गेला. त्याचं पडणं आलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी त्याला उठवलं नाही.

परतताना ट्रकमध्ये त्यानं विचारलं, "कसा होता?"

"लांबलचक," मी म्हटलं.

"हं," म्हणत त्यानं दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला.