वकीलसाहेबांच्या तबकडीतली खास जागा

लढाईच्या दिवसांत पारनेरात रॉकेलची मारामार होती, साखरेची मारामार होती. संगीताचे जाणकार मात्र हवे तेवढे मिळत. त्यांतले सगळ्यांत मोठे जाणकार आमच्या आळीतले वकीलसाहेब, कारण आळीतला एकुलता एक ग्रामोफोन त्यांच्याकडे होता. आधी जाणकारी आली की आधी ग्रामोफोन आला, हे विचारायची पद्धत नव्हती.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि गाण्यानं पार वेडावले होते. गाणं म्हणजे रविवारी दुपारी वकीलसाहेबांकडे जे वाजेल ते. पुरुषमंडळी बैठकीत गाद्यांवर बसत, आम्ही बायका-मुली माजघरात दाराआड. बायकांना गाणं कळत नाही, असं वकीलसाहेबांचं मत होतं. ऐकू येतं, एवढं ते मान्य करत. सुई टेकल्यावर गाणं सुरू होण्याआधी जी खरखर होई, तिच्यावरून कोणती तबकडी लागली ते मी ओळखत असे, आणि या विद्येचा मला भारी गर्व होता. आठवडाभर मग तीच गाणी घरी म्हणायची. पितळी हंडा रिकामा सापडला की त्यात तोंड घालून म्हणायची, म्हणजे आवाज थेट तबकडीतल्यासारखा येई. आईला पाणी भरायचं असे. "हंडा सोड, नाहीतर तुलाच विहिरीत सोडते," ती म्हणे. आईचा संगीताशी संबंध एवढाच.

वकीलसाहेबांची सगळ्यांत लाडकी तबकडी एका बाईंची होती. विरहाचं गाणं. बाई दोन मिनिटं झुरतात, कासावीस होतात, आणि अंतऱ्यात एकदम गातात, "सखा माझा आला दारी." 'आला' आणि 'दारी' यांच्यामध्ये बारीकसा 'खट्' आवाज येई आणि उचकी लागल्यासारखा ताल पुढे सरके. तिथं वकीलसाहेब डोळे मिटून, हात वर नेऊन "वाहवा" म्हणत. मग बाकीचेही डोळे मिटत.

"ही खास घराण्याची जागा आहे," ते समजावत. "हिला अनागत म्हणतात. सम यायच्या आधीच बाई समेवर हजर. आणि अर्थ पाहा. रडता रडता एकदम मीलन."

अनागत म्हणजे नक्की काय, ते मला पुढे कळलं. वकीलसाहेबांना तेव्हाही कळलेलं नव्हतं, हेही पुढेच कळलं. तेव्हा मात्र मी ती उचकी रात्रंदिवस घोटली. हंड्यात तोंड घालून 'आला' म्हणायचं, जीभ टाळूला लावून 'खट्' करायचं आणि धावत 'दारी' गाठायचं. आळीत दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं.

लढाईमुळे ग्रामोफोनच्या पोलादी सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हा वकीलसाहेब बाभळीच्या काट्यावर तबकड्या वाजवू लागले. आमच्या तालुक्यात पावसाची वानवा असे, काट्यांची कधीच नव्हती. त्यांचा एक शेतकरी पक्षकार निवडक काटे उपरण्याच्या टोकात बांधून आणून देई. एका रविवारी तो उंबऱ्याशी टेकला आणि त्यानं ते गाणं पहिल्यांदाच ऐकलं.

"लई ग्वाड गाती बाई," तो म्हणाला. "पर सायेब, मधीच ठेच लागती का वो तिला?"

बैठक खो खो हसली. आम्ही माजघरातल्याही हसलो. वकीलसाहेबांनी त्याला विचारलं, "तुला बाजरीतलं कळतं ना?"

"व्हय. तेवढंच कळतं," तो म्हणाला आणि पटका सारखा करत उठला.

त्याच वर्षी नगरचे एक गायनमास्तर आठवड्यातून एकदा पारनेरला येऊन दोन-चार मुलींना शिकवणार, अशी बातमी आली. मला शिकायचंच होतं. इतकं शिकायचं होतं, की मी एक वेळ जेवले नाही. दुसऱ्या वेळेला आईनं पुरणपोळी केल्यामुळे उपोषण सुटलं, पण हट्ट सुटला नाही. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून. वरून शेरा आल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा कचेरीचा नियम ते घरीही पाळत. ते म्हणाले, "दिवाळीनंतर वकीलसाहेबांसमोर गा. त्यांनी हो म्हटलं तर शीक. नाही म्हटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही." कोणतं गाणं म्हणायचं ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

दिवाळीला आम्ही मामाकडे नगरला गेलो, कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून. चढ आला की उतारू उतरून ढकलत. पोहोचलो तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली होती. मामाच्या शेजारी ग्रामोफोन होता आणि पाडव्याच्या सकाळी तिथं तीच खरखर सुरू झाली. मी हातातली चकली टाकून भिंतीला कान लावला. बाई अंतऱ्यात आल्या आणि गायल्या, "सखा माझा आला नाही, रात सरली, दीप विझले दारी."

मी मामेबहिणीला ठणकावून सांगितलं, की तुमच्या शेजाऱ्यांची तबकडी खराब आहे, तिच्यात पाच शब्द जास्तीचे शिरलेत. ती इतकी हसली, की तिला उचकी लागली. मग शेजारून तिनं पदांची छापील पुस्तिका मागून आणली. त्यात ते पाचही शब्द नीट, ओळीनं बसले होते. नाही, रात, सरली, दीप, विझले.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. वकीलसाहेबांच्या तबकडीला चीर होती. सुई तिथं उडी मारत होती. घराणं नाही, अनागत नाही, मीलन तर नाहीच नाही. सखा काही कुणाच्या दारी आला नव्हता, आणि आमचे जाणकार इतकी वर्षं त्याच्या येण्याला वाहवा म्हणत होते. मला आधी हसू आलं आणि मग आठवलं, की परीक्षा चार दिवसांवर आहे. खरं गाणं म्हटलं तर वकीलसाहेब म्हणणार, पोरगी चुकली. आणि विषय संपणार.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं, की खरंच म्हणायचं. मोटार ढकलताना माणूस शूर असतो.

रविवारी बैठकीत सगळे जमले. मला प्रथमच गादीच्या कोपऱ्यावर बसवलं. वडील दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. कचेरीत साहेबांसमोर उभे राहत तसेच. वकीलसाहेब म्हणाले, "ती जागा नीट घे हं, पोरी. गळ्यात काही आहे की नाही, ते तिथंच कळतं."

मी गायले. आवाज चांगला लागला, आजही सांगते. 'सखा माझा आला' पर्यंत मी खरंच म्हणणार होते. 'नाही' ओठांवर आलं होतं. वडिलांच्या हातातली टोपी मला दिसली आणि मी तो शब्द गिळला, त्याच्या मागचे चारही गिळले आणि 'दारी' जाऊन उभी राहिले.

"वाहवा," वकीलसाहेब म्हणाले. सगळ्यांचे डोळे मिटले. "पोरीत घराण्याचा अंश आहे. शिकवा हिला, बेलाशक शिकवा." वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. मला मात्र माझीच लाज वाटत होती. हवं ते मिळालं होतं आणि तोंड कडू झालं होतं.

बैठकीत चहाची वाट पाहणं सुरू झालं. मी आत पळाले. स्वयंपाकघरात वकीलसाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्या होत्या. चुलीवर आधण होतं. त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "'आला'नंतर आज श्वास घेतलास तू. हंड्यात म्हणायचीस तेव्हा घेत नव्हतीस."

हंड्यातलं गाणं त्यांच्या घरापर्यंत ऐकू जातं, हे मला माहीत नव्हतं.

"नगरला पुरतं ऐकलंस ना?"

मी मान हलवली. त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत बोलत राहिल्या. "ती तबकडी ह्यांनी पुण्याहून आणली, तेव्हा अख्खी होती. दसऱ्याला चार माणसांत लावायची म्हणून देवापुढे ठेवली होती. आदल्या दिवशी हे कोर्टात गेले नि मी दुपारी गुपचूप लावली. एकदा ऐकली पुरती. पुन्हा लावायला गेले नि हात निसटला. सुई आडवी ओढली गेली."

"मग तुम्ही काकांना सांगितलं नाहीत?"

"सांगणार होते गं. शिव्या खायची तयारी करूनच बसले होते. दसऱ्याला लावली, सुईनं उडी मारली, आणि हे डोळे मिटून वाहवा म्हणाले." त्यांनी लाकूड पुन्हा आत सारलं. "मग काय सांगायचं? मला गाणं कळत नाही, हे तर आधीच ठरलेलं. सात वर्षं झाली."

आधण उकळत होतं. त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"पुरतं म्हण मला," त्या म्हणाल्या. "हळू म्हण, पण सगळं म्हण."

मी म्हणू लागले. बैठकीतून चहाची हाक आली. मग दुसरी आली, जरा मोठ्यानं. ओळ संपेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत.