आत्या अडते तिथे चूक माझी

तिच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात लोक धडधाकट संगणक भंगारात द्यायला आणत, तेव्हा तिचा जीव तुटायचा. दोष एवढाच, की नवी महागडी प्रणाली त्या जुन्या यंत्रांना पेलत नसे. म्हणून तिने, कुणालाही फुकट घेता आणि बदलता येतं असं सॉफ्टवेअर ठिकठिकाणाहून जमवून, स्वतःची हलकी ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. ती सिस्टिम चालू लागली, तशी तिने आपल्या आत्यालाच खुर्चीत बसवलं. आत्याचं आयुष्य शिवणकामात गेलेलं. माउसला हात लावायलाही ती बिचकायची.

"तू वापर, आणि जिथे अडशील तिथे सांग," तिने आत्याला सांगितलं.

पहिल्याच दिवशी आत्या सव्वीस ठिकाणी अडली. दुकानातला भागीदार म्हणाला, "अगं, त्यांना जरा शिकव की."

"शिकायचं मला आहे," ती म्हणाली आणि वही उघडून बसली.

संगणकाच्या डिस्कचे भाग पाडायच्या पानावर 'विभाजन निवडा' हे वाचून आत्याने विचारलं, "कुणाची वाटणी करायचीय?" भाची पोट धरून हसली आणि तिने ते पानच काढून टाकलं; ते काम आता सिस्टिम आपलं आपण करू लागली. चार महिन्यांत वहीतली एकेक ओळ खोडली गेली.

मग वाचनालयाचे अकरा जुने संगणक तिने याच सिस्टिमवर चालते केले. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "लोकांना शिकवायला किती दिवस लागतील?"

"एकही नाही," ती म्हणाली, आणि गरज पडलीच तर म्हणून कोपऱ्यात बसून राहिली. अकराही खुर्च्या भरल्या. दुपारपर्यंत तिला कुणी हाक मारली नाही. तिने वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निवांत वाचून काढलं.