मिलच्या रबरात झुलणारा कॅमेरा

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्या डोक्यावर चिमट्याने बसवलेला लिंबाएवढा वेबकॅम. तो ताईने मस्कतहून येताना आणला होता. ताई तिथे नर्स होती आणि दोन वर्षांतून एकदा घरी यायची. दर रविवारी दुपारी ती तिकडे आणि आम्ही इकडे कॉम्प्युटरसमोर बसायचो. आई त्या दिवशी वेणीफणी करून, धुतलेलं पातळ नेसून खुर्चीत बसे आणि फोटो काढायला आल्यासारखी ताठ होई. बोलायला फोन होताच. रविवार एकमेकींना बघण्यासाठी होता. ताई पाच-पाच मिनिटं काही न बोलता आईकडे नुसती बघत राहायची.

तो कॅमेरा मी मागितला तेव्हा मी गोंदियालाच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. दहा-अकरा सालची गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात रोबोंची स्पर्धा होती. लाकडी फळ्यांनी वरून झाकलेला एक बोगद्यासारखा बोळ, आत दगड, पायऱ्या, वरून लोंबणारे लोखंडी गज. रोबो आत सोडायचा आणि चालवणाऱ्याने बाहेर बसून, फक्त कॅमेऱ्याचं चित्र बघून, तो दुसऱ्या टोकाला न्यायचा. मी आणि माझी सडक अर्जुनीची मैत्रीण, अशी दोघींचीच टीम. गाडी तयार होती, मोटरी होत्या, पण कॅमेरा नव्हता.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फुटला त मोठी मले पाहील कशी?"

"फुटणार नाही," मी म्हटलं. "आणि दर शनिवारी काढून आणीन. रविवारी जागेवर असेल."

"पाय बाप्पा," आई म्हणाली. बघ बाई, म्हणजे परवानगी.

कॅमेरा मी दोन टॉवेलांत गुंडाळून बॅगेत घातला. फुटला असता तर ताई सुट्टीवर येऊन दुसरा आणेपर्यंत तिच्या पडद्यावर आमच्या घराच्या जागी काळा चौकोन दिसला असता.

मला लहानपणापासून एक खोड आहे. वस्तू का मोडते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. कपाचा कान तुटला की लोक हळहळतात, मी तुटलेली कड बघत बसते. त्यामुळे कॅमेरा गाडीवर चढवण्याआधी त्याच्या जागी दुसरं काहीतरी फोडून बघायचं असं मी ठरवलं. मैत्रिणीच्या बाबांचा हायवेवर ढाबा होता. ढाब्याच्या पाटीभोवती रंगीत बल्बांची माळ असायची, आणि जुनी माळ मागच्या खोलीत पडलेली.

"टेन्शन मत ले," ती म्हणाली, "पोतंभर आहेत."

पोतंभर नव्हते, पण पिशवीभर बल्ब ती घेऊन आली.

पहिल्यांदा आम्ही स्टीलच्या डब्याला भोक पाडून त्यात बल्ब बसवला, झाकण घट्ट लावलं आणि डबा ओट्यावरून अंगणात टाकला. बल्ब फुटला. मग सळईचा पिंजरा केला, त्यात डबा, डब्यात कापूस, कापसात बल्ब. पुन्हा टाकला. उघडून बघतो तर बल्ब शाबूत! दोघी अंगणात नाचलो. आई दाराशी टेकून बघत होती, तीही हसली. मग मी बल्ब होल्डरमध्ये लावून बटण दाबलं, तर तो लागेना. उजेडात धरून पाहिला. काचेला ओरखडासुद्धा नव्हता आणि आतली केसासारखी तार मधोमध तुटली होती.

मला त्या तारेने वेड लावलं. बाहेरची काच वाचते आणि आत, जिला कोणी हातही लावला नाही, ती तार तुटते. असं कसं? सात-आठ बल्ब मी केवळ तेवढ्यासाठी टाकले. पिंजरा जितका मजबूत करावा तितक्या तारा जास्त तुटायच्या. मैत्रीण वैतागली. तिचं म्हणणं, काच वाचली ना, मग बस. पण कॅमेऱ्याच्या आतही अशी काहीतरी नाजूक गोष्ट असणारच, आणि ती तुटल्याचं बाहेरून कळणार नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना.

बाबा राईस मिलमध्ये मिस्त्री होते. आमचा खेळ ते रोज संध्याकाळी चहा पिता पिता बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. विचारल्याशिवाय शहाणपण सांगायचं नाही हा त्यांचा नेम, आणि मला विचारायचा कमीपणा. शेवटी मीच विचारलं. ते म्हणाले, "सकाळी मिलवर ये."

गोंदियात जन्म गेला, पण धानाचा तांदूळ होतो तरी कसा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. बाबांनी मशीन थांबवून झाकण उघडलं. आत रबराचे दोन रोल शेजारी शेजारी होते, एक जोरात फिरणारा, एक जरा हळू. धान त्यांच्या फटीतून जातं, घासलं जातं आणि टरफल सुटून येतं. मी रोलवर अंगठा दाबला. तो थोडा आत गेला.

"लोखंडाचे लावले असते त?" बाबांनी विचारलं.

"पटकन सोललं असतं."

"कणी झाली असती सगळी. लोखंड काई सोसत नाई, सगळा मार दान्याले देते. रबर सोताच दबते, म्हून दाना पुरा निघते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी त बल्बाले लोखंडाच्या मुठीत धरून राहिल्या."

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे, भुश्शाच्या धुरळ्यात, त्यांना विचारलं, "मग इतके दिवस काऊन नाही सांगितलं?" ते हसले आणि कोपऱ्यात जुना रोल शोधायला गेले.

घासून पातळ झालेला एक रोल त्यांनी मला दिला. त्याचं रबर सुरीने कापता कापता हाताला फोड आले. मग बाबांनीच सुरीला पाणी लावून कापायला दाखवलं, तशी ती सरसर फिरली. त्या रबराच्या चार पट्ट्या आम्ही पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांना बांधल्या आणि मधोमध बल्ब टांगला. ओट्यावरून टाकला, लागला. गच्चीवरून टाकला, तरी लागला. त्या हिरव्या बल्बाइतका सुंदर उजेड मी नंतर पाहिलेला नाही.

पण रोबो चालू लागला की पट्ट्यांत टांगलेला कॅमेरा इतका डुलायचा की पडद्यावरचं चित्र बघून मळमळायला व्हायचं. पट्ट्या ताणल्या तर झटका आत पोचतो, सैल सोडल्या तर चित्र नाचतं. मधला ताण शोधण्यात आठ दिवस गेले. सापडला तेव्हा तो पुन्हा हलू नये म्हणून मी पट्ट्यांची टोकं आणि कॅमेऱ्याची बैठक, नळाच्या सांध्याला लावतात तसल्या लुगदीत बसवून टाकली. ती रात्रीतून दगडासारखी झाली. मी समाधानाने टिचकी मारून पाहिली. आणि मग आठवलं की उद्या शनिवार.

कॅमेरा आता करवतीशिवाय निघणार नव्हता, आणि काढला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी आईला सांगितलं, "या रविवारी आवाजावर भागव. ताई तुला दिसेल, फक्त तू तिला दिसणार नाहीस."

मला वाटलं होतं आई चिडेल. ती म्हणाली, "राहू दे. तुह्यं काम होऊ दे."

असे तीन रविवार गेले. आई काळ्या चौकोनामागून बोलायची. ताई विचारायची, "बरी आहेस ना?" आई म्हणायची, "बरी आहो." ताई म्हणायची, "जेवलीस?" आई म्हणायची, "होय, जेवली." आवाज अगदी ठणठणीत. मधल्या दिवसांत ती दुपारची जरा जास्त आडवी व्हायची, ताटातला भात तसाच सारायची. ऊन वाढलं होतं, मी म्हटलं उन्हाने असेल. खरं तर तेही म्हटलं नाही. मी जेवताना वहीत पट्ट्यांची चित्रं काढत होते.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. दुसऱ्याच फेरीत मोटरची साखळी उतरली. पण त्याआधी लोंबणारा गज आमच्या कॅमेऱ्यावर दणकन आदळला, रोबो तिसऱ्या पायरीवरून उलटा पडला, आणि कॉलेजकडून मागून आणलेल्या लॅपटॉपवर चित्र हललं, झुललं आणि स्थिर झालं. उलटं, पण स्वच्छ. वायर धरून उभी असलेली मैत्रीण तिकडून ओरडली, "दिसतंय?" मी ओरडले, "सगळं!" नंतर एक परीक्षक आमच्या गाडीजवळ उकिडवे बसले आणि बोटाने कॅमेरा हलवून बघत राहिले. हे रबर कुठलं, असं त्यांनी विचारलं. धानाच्या मिलमधलं, म्हणताना माझा ऊर भरून आला. बक्षीस मिळालं असतं तर बरंच वाटलं असतं, पण त्या प्रश्नावर मी परतीच्या गाडीत नागपूर ते गोंदिया खूश होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांनी हॅक्सॉने लुगदी कापून कॅमेरा सोडवला, मी तो पुसून कॉम्प्युटरवर चढवला. आईने पातळ बदललं. बाबाही आज मुद्दाम येऊन मागे उभे राहिले. ताई दिसली, मग कोपऱ्यातल्या लहान चौकोनात आम्ही दिसलो. मी विजयी वीरासारखं सांगून टाकलं, "बघ, तुझ्या कॅमेऱ्याला ओरखडाही नाही!"

ताई माझ्याकडे बघत नव्हती. "आई," ती म्हणाली, "जरा खिडकीकडे तोंड कर." आणि मग, "आईचे डोळे पिवळे दिसून राहिले."

"कॅमेऱ्याचा रंग बिघडला असेल," मी लगेच म्हटलं. "पायरीवरून पडलाय तो." आणि खरं सांगते, त्याही क्षणी मला उत्सुकताच वाटली. आतलं काय सरकलं असेल की फक्त पिवळंच जास्त यावं? मी कॅमेरा चिमट्यासकट उचलला आणि चुन्याच्या भिंतीकडे वळवला. पडद्यावर भिंत पांढरी होती. वर्तमानपत्र धरलं, कागद कागदासारखा दिसला. स्वतःचा तळवा धरला, तळव्यात काही खोट नव्हती. कॅमेरा पुन्हा आईकडे फिरवला. मग पडद्यावरून नजर काढून मी आईकडेच पाहिलं.

डोळे हळदीसारखे पिवळे होते. गाल बसले होते. हातातल्या बांगड्या ढिल्या होऊन मनगटावर आल्या होत्या. तांदळाच्या ढिगातला एक पिवळा दाणा लांबून हेरणारे बाबाही पुढे येऊन वाकले आणि आईची खालची पापणी ओढून बघू लागले. ताई तिकडून रागाने आणि रडत विचारत होती, किती दिवसांपासून, ताप होता का, लघवीचा रंग कसा आहे, आणि मला किंवा बाबांना यातलं काहीही सांगता येत नव्हतं. तीन आठवडे आम्ही त्याच घरात जेवलो होतो.

कावीळ होती. बरी व्हायला दीड महिना लागला. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हातात कॅमेरा धरून आईसमोर उभी होते आणि मला हुंदका आवरत नव्हता, इतकी लाज वाटत होती.

आई गोंधळली. तिने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, खालून वरून निरखला आणि म्हणाली, "कायले रडून राहिली? फुटला त नाई ना."