बाबा, तोंडावर बोट!

पुण्यात माणसाचा अपमान कुठेही होऊ शकतो, त्यात नवल नाही; पण पन्नाशीला टेकलेल्या बापाला केजीच्या वीतभर खुर्चीत बसवून, वर त्याच्याच घरी येऊन मुलीदेखत "हाताची घडी, तोंडावर बोट" असं फर्मावणारी व्यक्ती सबंध शहरात एकच असणार, आणि ती माझ्याच मुलीची वर्गशिक्षिका निघाली. त्या म्हणजे सिस्टर. येरवड्याच्या बाजूला कॉन्व्हेंट शाळा आहे, तिथे त्या सीनियर केजीला शिकवत. मूळच्या राहुरीकडच्या शेतकरी ख्रिस्ती घरातल्या. रोजचं बोलणं शाळेच्या शिस्तीतलं इंग्रजी. पण राग आला किंवा माया आली की थेट गावाकडची मराठी सुरू व्हायची. या दोहोंपैकी नेमकं काय आलंय, हे मात्र शेवटपर्यंत कळायचं नाही.

आमच्या ओळखीची सुरुवात माझ्या गाढवपणाने झाली. नाताळच्या आधी शाळेने कळवलं, की मुलांनी घरातल्या वस्तू वापरून गव्हाणी करून आणावी. म्हणजे बाळ येशू जन्मला त्या गोठ्याचा देखावा. यातला 'मुलांनी' हा शब्द मी वाचला आणि सोडून दिला. मी कसबा पेठेत वाढलेला. दिवाळीत आमच्या किल्ल्यापुढे गल्लीतली माणसं थांबायची. आता वाघोलीच्या फ्लॅटमध्ये किल्ला करायला जागा नाही, हे दुःख कित्येक वर्षं साचलेलं. मी माती आणली, गोणपाट भिजवलं, उतारावर अळीव पेरले. मधोमध गोठा, त्यात बाळ, मेंढपाळ म्हणून दिवाळीच्या खोक्यातल्या गवळणी, आणि बुरुजांवर मावळे. बाळाच्या जिवावर एक राजा उठला होता, असं मी वाचलं होतं. मग बंदोबस्त नको? म्हणून दारापुढे एक तोफही ठेवली. जुई शेजारी बसून बघत होती. ती काहीतरी म्हणणार होती बहुतेक, पण मी तिला तटबंदीचं महत्त्व सांगत होतो.

किल्ला मांडीवर आणि जुई रिक्षाच्या कोपऱ्यात, असे आम्ही शाळेत पोचलो. सिस्टर किल्ल्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आल्या.

"तोफंचं तोंड कुणाकडं हाय?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. बाळाकडे होतं. घाईघाईने तोफ फिरवली, तर ते सिस्टरांकडे झालं.

त्यांनी तोफ उचलली, पांढऱ्या झग्याच्या खिशात टाकली आणि खाली बसून जुईला विचारलं, "कुणी केलं गं हे?"

"तिनंच!" मी म्हणालो. "मी आपली थोडी मदत."

"मी तिला विचारलं."

"जरा लाजाळू आहे हो ती."

"तेबी मी तिलाच विचारणार व्हते."

मग मला त्या छोट्या खुर्चीत बसवण्यात आलं. पालकांना त्या तिथेच बसवत. गुडघे हनुवटीला लागले की माणूस खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. आणि तिथे मला खरा धक्का बसला. जूनपासून जुई शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. मोठ्या मॅडमचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, म्हणणं होतं, की असंच चाललं तर तिला आणखी एक वर्ष इथेच ठेवावं. "पण घरी अखंड बोलते!" मी ठासून सांगितलं. सिस्टर नुसतं "बघू" म्हणाल्या.

त्यांचं 'बघू' म्हणजे खरोखरच बघायला येणं. शनिवारी दुपारी खाली स्कूटर थांबली. डोक्यावरच्या कापडावर हेल्मेट चढवलेल्या सिस्टर उतरताना पाहून आमचा वॉचमन सलाम करून मोकळा झाला. घरात येऊन त्या सरळ फरशीवर बसल्या. सोबत पिशवीभर मटार. वर्गातही त्या मुलांना मटार सोलायला लावत. बोटांना वळण लागतं, मोजणी होते आणि संध्याकाळी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात भाजीही होते. एका वडिलांनी तक्रार केली होती, की आम्ही फी भाजी निवडायला भरतो का? त्यांना सिस्टरांनी दोन जुड्या मेथी देऊन बसवलं होतं म्हणे.

"जुई, मला पानी देतीस का?"

मी उठलो, पळत जाऊन पेला भरून आणला. सिस्टरांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमीच प्या. दम लागला आसंल."

जुई घरी काय खेळते, तिला काय आवडतं, सगळी उत्तरं मीच दिली, असं नंतर मला सांगण्यात आलं. मला आठवत नाही. मी बोलण्यात होतो. अखेर सिस्टर उठल्या. "होमवर्क देते. पोरीला न्हाय, तुमाला. दिवेलागणीपासून जेवणापातुर बाबांनी बोलायचं न्हाय. हाताची घडी, तोंडावर बोट."

मी हादरून बायकोकडे पाहिलं. इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी आमच्या घरात इतकी शांतता झाली, की शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. जुई माझ्या तोंडाकडे बघत राहायची, पुढचं वाक्य माझ्याकडूनच येणार अशी वाट पाहत. ते येत नव्हतं. असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी मटार सोलता सोलता, मान वर न करता, जुई म्हणाली,

"बाबा, बाळ झोपलं होतं ना? मग तोफ कशाला? उठलं असतं की ते."

एवढी साधी गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून कळत होती, आणि ती सांगायला मी जागाच ठेवली नव्हती. तोंडावरचं बोट मी तसंच दाबून धरलं. नाहीतर त्या क्षणी नक्की बोललो असतो, आणि रडलोही असतो.

नंतर तिने तिची गव्हाणी केली. माझ्या चपलांचं खोकं, आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा, आणि मटारच्या अर्ध्या शेंगेत एकच दाणा, निजलेला. मी कशाला हात लावला नाही.

नाताळच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाने आपल्या गव्हाणीबद्दल सांगायचं होतं. भाषा कुठलीही चालेल, असं सिस्टरांनी मोठ्या मॅडमना पटवून ठेवलेलं. मोठ्या मॅडम पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. जुईची पाळी आली. ती खोकं धरून उभी राहिली आणि गप्प. मागे खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. माझे ओठ हलणार एवढ्यात सिस्टरांनी मंचाच्या कडेवरून थेट माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मीही ठेवलं.

"हे बाळ आहे," जुई म्हणाली. "झोपलंय. सगळ्यांनी हळू बोला." सगळा हॉल चिडीचूप झाला. मग तिने खोक्याच्या दाराशी उभा केलेला एक मावळा दाखवला. "आणि हा माझा बाबा. तो बोलत नाहीये."

जुई पहिलीत गेली. उन्हाळ्यात सिस्टरांची बदली झाली. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याशा लहान शाळेत. निरोपाला गेलो तेव्हा त्या टेबलाचे खण रिकामे करत होत्या. तोफ मागावी, असं मनात आलं. त्यांनी ती माझ्यासमोरच पिशवीत टाकली.

"तिकडंबी बाप आसत्यालच," म्हणाल्या.

त्यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. आभाराचं तर एक छोटं भाषणच मी रिक्षात जुळवलं होतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि माझं बोट आपोआप तोंडाशी गेलं. सिस्टर हसल्या, बहुधा पहिल्यांदाच.

घरी आलो. दिवे लागले. आत जुई तिच्या आईला काहीबाही सांगत होती, थांबायचं नावच घेत नव्हती. मी बाल्कनीत बसून राहिलो. जेवणं झाली तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा बायको बाहेर आली, शेजारी बसली आणि म्हणाली,

"अहो, बोला आता. आज चालेल."